पितळी पातेल्यातलं दूध

बाळ वर्षाचं होत आलेलं असायचं. खेळतं, हसतं मूल हळूहळू किरकिरं व्हायचं, भूक मंदावायची, पोट पुढे येऊ लागायचं. डॉक्टरांनी उजव्या बरगडीखाली बोटं दाबली की यकृताची टणक, धारदार कड हाताला लागायची. मग पायांवर सूज, पोटात पाणी, डोळ्यांत पिवळेपणा. आजार ओळखू येईपर्यंत उशीर झालेला असे आणि बहुतेक मुलं पुढच्या काही महिन्यांत दगावत. ‘बाळाचं लिव्हर वाढलंय’ हे शब्द ऐकले की घरात रडारड सुरू व्हायची, कारण त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता.

वैद्यकशास्त्रात या आजाराची ओळख ‘इंडियन चाइल्डहुड सिरोसिस’ अशी आहे. त्याची पहिली नोंद १८८७ साली कलकत्त्यात झाली. पुढची जवळजवळ शंभर वर्षं तो देशभर मुलं नेत राहिला आणि त्याचं कारण कुणालाच सापडत नव्हतं. त्याच्या तऱ्हाही चक्रावून टाकणाऱ्या होत्या. सहा महिने ते चार-पाच वर्षं या वयातच तो गाठायचा. अगदी हलाखीच्या घरांपेक्षा गावातल्या खाऊनपिऊन बऱ्या असलेल्या, दुभतं बाळगणाऱ्या कुटुंबांत तो जास्त दिसायचा. एकाच आईची दोन-दोन मुलं त्यात जात. त्यामुळे संशय आनुवंशिकतेवर गेला, विषाणूवर गेला, बुरशीवरही गेला.

१९७० च्या दशकाच्या अखेरीला या मुलांच्या यकृताचे तुकडे विशेष रंग देऊन तपासले गेले, तेव्हा पेशींमध्ये तांबं भरलेलं दिसलं. एरवी एक ग्रॅम वाळवलेल्या यकृतात तांब्याचं प्रमाण पन्नास मायक्रोग्रॅमच्या आत असतं. या मुलांमध्ये ते कित्येक शे, काहींत तर हजारांवर गेलेलं होतं. दूध पिणाऱ्या तान्ह्या जिवाच्या पोटात एवढं तांबं गेलं कुठून? गाई-म्हशीच्या दुधात मुळात तांबं अगदी नाममात्र असतं.

याचं उत्तर पुण्यात शोधलं गेलं. केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि ब्रिटनमधले डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी मुलांच्या आयांना बारकाईनं विचारायला सुरुवात केली. बाळाला वरचं दूध कधी सुरू केलं? ते तापवलं कशात? तापवल्यावर ठेवलं कशात? आजारी मुलं आणि त्याच वयाची निरोगी मुलं यांची तुलना केल्यावर फरक समोर आला. आजारी मुलांना गाई-म्हशीचं दूध फार लवकर सुरू झालेलं होतं, आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेलं, तासन्‌तास त्यातच ठेवलेलं होतं.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. दुधातलं केसीन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवतं, त्यामुळे उघड्या पितळी पातेल्यात दूध तापत राहिलं की धातू त्यात उतरत जातो. आपल्याकडे भांड्यांना कल्हई करायची पद्धत होती ती उगाच नव्हे. कथिलाचा तो पातळ थर अन्न आणि पितळ यांच्यामध्ये उभा असायचा. पण कल्हई घासून घासून उडते, कल्हईवाला वेळेवर येतोच असं नाही, आणि बाळाची छोटी तपेली तर बऱ्याचदा बिनकल्हईचीच असायची. तिकडे बाळाचं यकृतही अजून तयारीत नसतं. शरीरातलं जादा तांबं यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं आणि हे काम पहिल्या काही महिन्यांत पुरतं जमत नाही. त्यातून जन्मतःच यकृतात तांब्याचा साठा बराच असतो. वरून दिवसाला चार-पाच वेळा तांबंमिश्रित दूध आलं की पेशी मरू लागतात आणि त्यांच्या जागी चिवट तंतूंचं जाळं पसरतं. असं निबर, गाठीगाठींचं झालेलं यकृत म्हणजेच सिरोसिस.

या निष्कर्षावर आक्षेपही घेतले गेले. त्याच भांड्यांतलं दूध पिऊन असंख्य मुलं ठणठणीत वाढली होती, आणि काही आजारी मुलांच्या घरी पितळेचा वापर नसल्याचंही आढळलं होतं. काही मुलांमध्ये तांबं न पेलण्याची आनुवंशिक कमजोरी असावी, हा अंदाज आजही ग्राह्य मानला जातो. पण कमजोरी कुणाला आहे हे आधी कळत नसलं, तरी भांडं बदलणं कुणाच्याही हातात होतं. पुणे जिल्ह्यात कुटुंबांना तेच सांगितलं गेलं: बाळाला अंगावर पाजा, आणि वरचं दूध द्यायचंच तर ते स्टीलच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात तापवा. स्टील त्याच सुमारास घरोघरी येतही होतं. रोग ओसरत गेला आणि १९९० च्या दशकात नवा रुग्ण दिसणं दुर्मीळ झालं. ज्यांचा आजार लवकर सापडला अशा काही मुलांना तांबं बाहेर काढणाऱ्या डी-पेनिसिलामाइन या औषधानं वाचवता आलं. ऑस्ट्रियातल्या टायरॉल भागातही १९०० ते १९७४ या काळात अशाच आजारानं १३८ मुलं दगावल्याची नोंद १९९६ साली प्रसिद्ध झाली. तिथेही बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात दूध तापवलं जात होतं, आणि ती भांडी गेल्यावर आजारही गेला.

महाराष्ट्रानं वैद्यकाला दिलेल्या कामांत मी हे काम फार वरच्या जागी ठेवतो. त्यात महागडं यंत्र नव्हतं, नवी लस नव्हती. ‘दूध कशात तापवता?’ हा प्रश्न आईला नीट, न रागावता विचारला गेला आणि तिचं उत्तर गांभीर्यानं घेतलं गेलं. हल्ली तांब्याची भांडी पुन्हा घराघरांत येत आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगायला हवं. मोठ्या माणसानं तांब्याच्या स्वच्छ भांड्यातलं साधं पाणी पिणं ही वेगळी गोष्ट आहे. पण तान्ह्या बाळाचं दूध, ताक, लिंबू सरबत, चिंचेचं सार असलं काहीही बिनकल्हईच्या तांब्या-पितळेत ठेवू नये.

यकृतावरच हे सगळं का येऊन आदळतं, याचं कारण त्याच्या जागेत आहे. पोटात आणि आतड्यांत शोषलं गेलेलं जवळजवळ सगळं काही रक्तातून आधी प्रतिहारिणी शिरेनं यकृतात जातं आणि मग उरलेल्या शरीराला मिळतं. दीड किलोच्या आसपास वजनाचा हा अवयव म्हणजे शरीराचा जकात नाकाच आहे. साखर साठवणं, प्रथिनं घडवणं, रक्त गोठवणारे घटक तयार करणं, औषधं आणि विषं मोडून निरुपद्रवी करणं ही कामं तिथे अखंड चालतात. त्यामुळे तोंडावाटे आत गेलेल्या बहुतेक घातक पदार्थांचा पहिला मार यकृताला बसतो.

आणि ते तक्रार करत नाही. यकृताच्या आत वेदना जाणवणारे मज्जातंतू नाहीत. वेदना जाणवते ती फक्त त्याच्या वरच्या आवरणाला. शिवाय राखीव ताकद इतकी की शस्त्रक्रियेत दोनतृतीयांश भाग काढला तरी निरोगी यकृत काही आठवड्यांत भरून येतं. जिवंत माणूस यकृताचा भाग दान करू शकतो तो यामुळेच. पण या ताकदीमुळे नुकसान वर्षानुवर्षं लपूनही राहतं. पोटात पाणी होणं, रक्ताची उलटी, भ्रमिष्टासारखं बोलणं ही लक्षणं दिसतात तेव्हा यकृताचा मोठा भाग गेलेला असतो. म्हणून लक्षणांची वाट पाहण्यात अर्थ नाही. घातक गोष्ट घरात कुठल्या वाटेनं येते, तेच पाहावं लागतं.

धान्याची वाट १९७४ साली उघड झाली. गुजरातमधला पंचमहाल आणि त्याला लागून असलेला राजस्थानचा बांसवाडा या आदिवासी भागात अवेळी पावसानं काढणीचा मका भिजला. खायला दुसरं काही नव्हतं, लोकांनी तोच बुरशी धरलेला मका खाल्ला. आधी गावातली कुत्री मरू लागली, मग माणसांना कावीळ झाली, पोटात पाणी झालं. अभ्यासात नोंदलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. त्या बुरशीतल्या विषाचं नाव अफ्लाटॉक्सिन. ते शिजवून किंवा भाजून पुरतं नष्ट होत नाही. थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तर यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो, आणि त्या माणसाला हिपॅटायटिस बीची लागण असेल तर तो धोका कितीतरी पटींनी वाढतो. आपल्याकडे शेंगदाण्याचं कूट रोजच्या भाजीत असतं. खवट, कडू लागणारा, सुरकुतलेला किंवा काळपट-हिरवट दाणा निवडून टाकणं ही आजीची शिस्त योग्यच होती. असे दाणे ‘भाजले की चालतील’ म्हणून वापरू नयेत.

पाण्याच्या वाटेनं येणारी कावीळ आपल्या जास्त ओळखीची. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत यमुनेचा पूर ओसरल्यावर नाल्याचं सांडपाणी उलटं फिरून वझिराबादच्या पाणी उपसा केंद्रापर्यंत पोहोचलं. अधिकाऱ्यांनी क्लोरीनची मात्रा वाढवली, त्यामुळे टायफॉइड पसरला नाही, पण कावीळ पसरली. सुमारे २९ हजार लोकांना ती झाली. गरोदर स्त्रियांना तिचा तडाखा फार जबर बसला. साथीतली ही कावीळ हिपॅटायटिस ए असणार असं अनेक वर्षं मानलं जात होतं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या डॉ. खोर्शेद पावरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी शास्त्रज्ञांबरोबर जपून ठेवलेले रक्तनमुने पुन्हा तपासले, आणि १९८० साली हा विषाणू वेगळाच असल्याचं सांगितलं. आज आपण त्याला हिपॅटायटिस ई म्हणतो. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत तो झाला तर चार-पाच जणींमागे एकीचा जीव जाऊ शकतो. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत जी साथ आली आणि बळी घेऊन गेली, ती याच विषाणूची. गटार आणि पिण्याच्या पाण्याची नळी शेजारी-शेजारी, दोन्ही जुनाट, आणि पाणी येतं-जातं. अशी स्थिती असलेल्या कुठल्याही गावात हे पुन्हा होऊ शकतं. त्याचा दोष मी पाणी न उकळणाऱ्या गृहिणीला देणार नाही. जलवाहिन्या दुरुस्त करणं हे नगरपालिकेचं काम आहे. पण साथ आली असताना घरात गरोदर बाई असेल, तर तिच्यासाठी तरी पाणी उकळलेलंच हवं.

कावीळ झाली की आपल्याकडे ती ‘उतरवायला’ नेतात. कुणी गळ्यात माळ बांधतं आणि ती दिवसागणिक लांब होते. कुणी हात चुन्याच्या निवळीत धुवायला लावतं आणि पाणी पिवळं पडतं. कुणी नाकात कडू रस पिळतं आणि पिवळं पाणी वाहतं. माळ लांबते ती वाळणाऱ्या काड्यांच्या सैल होत जाणाऱ्या गाठींमुळे. पाणी पिवळं होतं ते हाताला आधी लावलेल्या आंब्याच्या सालीच्या रसामुळे. नाकातून येतो तो त्या जहाल रसानं दुखावलेल्या आतल्या अस्तराचा स्राव. तरीही लोकांचा विश्वास बसतो याचं कारण साधं आहे: ए आणि ई या काविळी बहुतेकांच्या चार-सहा आठवड्यांत आपोआपच बऱ्या होतात, आणि श्रेय माळेला मिळतं. धोका आहे तो उरलेल्यांना. ज्याची कावीळ बीमुळे आहे, पित्तनलिकेतल्या खड्यामुळे आहे किंवा औषधाच्या दुष्परिणामामुळे आहे, त्याचे मोलाचे आठवडे यात जातात. कावीळ झालेला माणूस झोपाळू झाला, असंबद्ध बोलू लागला किंवा त्याच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, तर त्याच तासाला मोठं रुग्णालय गाठायला हवं.

पथ्याचंही तसंच. हळद बंद, तेल बंद, फक्त उसाचा रस आणि उकडलेलं खाणं, हे यकृताला मदत करत नाही. बऱ्या होणाऱ्या पेशींना डाळ, दूध, अंडी यांतली प्रथिनं लागतात. आणि रस्त्यावरच्या गाडीवरचा, कुठल्या पाण्याचा हे ठाऊक नसलेला बर्फ घातलेला रस हा तर काविळीच्या विषाणूचा नेहमीचा रस्ता आहे.

कोविडच्या काळात घरोघरी काढे उकळले गेले, आणि त्यात गुळवेल होती. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. पुढे देशातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून असे आणखी रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला की तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी. हा वाद तज्ज्ञांचा आहे, पण यकृताला निसर्गातलं आणि कारखान्यातलं असा भेद कळत नाही. जे पोटात जातं ते त्याला मोडावं लागतं. मधुमेह, थायरॉइड किंवा शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार असलेल्यांनी कुठलीही वनस्पती महिनोन्‌महिने रोज घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वजन उतरवायची, स्नायू वाढवायची निनावी पावडर तर त्याहून वाईट.

ॲलोपॅथीची औषधंही या नियमातून सुटत नाहीत. पॅरासिटामॉल योग्य मात्रेत सुरक्षित आहे, पण मोठ्या माणसाला दिवसाला चार ग्रॅम ही त्याची कमाल मर्यादा आहे, आणि सर्दीच्या अनेक गोळ्यांत ते न सांगता असतंच. तापाची गोळी वेगळी, सर्दीची वेगळी, अंगदुखीची वेगळी असं करत माणूस ती मर्यादा नकळत ओलांडतो. रोज दारू पिणाऱ्या किंवा उपाशी माणसाला त्याहून कमी मात्राही बाधते. क्षयरोगाच्या गोळ्यांनी काहींच्या यकृताला सूज येते. मळमळ, जेवणावरची वासना जाणं, गडद लघवी अशी लक्षणं दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला हवं, मात्र गोळ्या मनानं बंद करून घरी बसायचं नाही. अर्धवट सोडलेला क्षयही जीव घेतो.

आज सगळ्यांत रुंद झालेली वाट जेवणाच्या ताटातून येते. सोनोग्राफीच्या कागदावर ‘फॅटी लिव्हर’ हे शब्द आता इतके वेळा दिसतात की लोक ते घडी घालून ठेवून देतात. आपण जाड नाही, मग आपल्याला कसं होईल, असंही वाटतं. याचं उत्तरही पुण्याच्या केईएममधूनच आलं. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांनी २००४ साली आपला दोघांचा फोटो शेजारी-शेजारी छापला. उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीय देह बारीक दिसत असला तरी चरबी पोटात आणि यकृतात साठवतो, हे त्या एका चित्रानं जगाला दाखवलं. म्हणून आपण काट्याबरोबर टेपही वापरावी: पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. यकृत जादा साखरेची आणि पिठाची चरबी करतं, त्यामुळे फक्त तूप तोडून चहात साखर आणि दुपारी बिस्किटं तशीच ठेवली तर उपयोग होत नाही. सत्तर किलोच्या माणसाचं वजन पाच ते सात किलोंनी हळूहळू उतरलं, तर यकृतातली चरबी आणि सूज दोन्ही कमी होतात. त्यासाठी ‘लिव्हर साफ करणारं’ कुठलंही पेय लागत नाही.

दारूचं गणित मात्र मांडायलाच हवं, कारण ‘मी फक्त बिअर घेतो’ हे वाक्य फार ऐकू येतं. व्हिस्कीच्या एका क्वार्टरमध्ये, म्हणजे १८० मिलिलिटरमध्ये, सुमारे ६० ग्रॅम अल्कोहोल असतं. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या एका मोठ्या बाटलीत सुमारे ४० ग्रॅम. यकृत तासाला साधारण सात-आठ ग्रॅम जाळतं, म्हणजे एका क्वार्टरसाठी त्याला आठ तास राबावं लागतं. हे रोज चाललं की आधी चरबी, मग सूज, मग सिरोसिस. स्त्रियांना कमी प्रमाणातही हे नुकसान होतं. दारू थांबवली तर पहिल्या टप्प्यातली चरबी काही आठवड्यांत उतरते, आणि सिरोसिस झालेल्याचंही आयुष्य वाढतं. फक्त वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं एकाएकी बंद करताना डॉक्टर जवळ हवा. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो.

उरली रक्ताची वाट. हिपॅटायटिस सी आता गोळ्यांनी बरा होतो, बहुतेकांचा बारा आठवड्यांत, आणि २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात त्याच्या व बीच्या तपासण्या आणि औषधं सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतात. जत्रेत एकाच सुईनं गोंदून घेतलेल्यांनी, जुन्या काळी रक्त चढवलेल्यांनी, परत वापरलेल्या सुईचं इंजेक्शन घेतलेल्यांनी एकदा ही तपासणी करून घ्यावी. बी मात्र गोळ्यांनी आटोक्यात राहतो, सहसा पुरता जात नाही. मोठ्या माणसाला तो झाला तर शंभरातल्या जेमतेम पाच जणांत कायमचा वस्तीला राहतो. बाळंतपणात आईकडून बाळाला लागला तर शंभरातल्या नव्वद बाळांत तो राहतो, आणि तिशी-चाळिशीत सिरोसिस किंवा कर्करोग बनून समोर येतो. जन्मानंतर चोवीस तासांच्या आत दिलेल्या लसीनं यातली बहुतेक लागण टळते. २०११ पासून ही लस देशभरच्या लसीकरणात आहे. पण प्रसूती रात्री झाली, सुट्टी आली, घरी झाली, की पहिले चोवीस तास निघून जातात. गरोदरपणात आईची बीची तपासणी झाली आहे का, आणि बाळाच्या कार्डावर जन्माच्या वेळच्या हिपॅटायटिस बी लसीपुढे तारीख लिहिली आहे का, हे रुग्णालयातून निघण्याआधी पाहून घ्या. तारीख नसेल तर परिचारिकेला तिथेच विचारा.